उपनगरातल्या सिस्टर: दारापासून पदापर्यंत

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आर्थर रोडवरच्या साथरोग रुग्णालयावर हजारभर गिरणी कामगार चालून गेले. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला, त्याला महिना-सव्वा महिनाच झाला होता. रुग्णालयात नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, अशी बोलवा कामगार वस्त्यांत पसरली होती. पुढे १८९७ चा साथरोग कायदा आला आणि घरांच्या झडत्या सुरू झाल्या. अनोळखी पुरुष माजघरापर्यंत येऊ लागले. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात एका विणकर कुटुंबातल्या आजारी मुलीला न्यायला पथक आले आणि त्यातून दंगल पेटली.

सरकारकडे कायदा होता, पोलीस होते, जानेवारी १८९७ पासून हाफकिन यांची प्लेगवरची लसही होती. नव्हते ते एकच: ज्याच्यासाठी घरातली बाई आपणहून कडी काढेल असे माणूस. मुंबईतल्या सार्वजनिक आरोग्य परिचर्येचा इतिहास म्हणजे त्या माणसाचा शोध. ते माणूस सापडले, ते बाईमाणूस होते, आणि गेली शंभर वर्षे शहराचे आरोग्य त्याच बाईच्या पायांवर उभे आहे. तिच्या हाती अधिकार मात्र फार उशिरा आणि फार थोडे आले.

प्लेगच्या आधी दहा वर्षे, १८८६ मध्ये, पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून बायकांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले होते. तिथल्या प्रमुख डॉक्टर एडिथ पेची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाला हात घातला. काशीबाई गणपत हे नाव पहिल्या प्रशिक्षित भारतीय परिचारिकांमध्ये घेतले जाते आणि नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांतून ते आजही शिकवले जाते. पण शिकलेली परिचारिका वॉर्डात राही. वस्तीत जाणे हे तिचे काम आहे, असे अजून कोणी ठरवले नव्हते. पुण्यात त्याच प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपला दत्तकपुत्र डॉ. यशवंत याच्या दवाखान्यापर्यंत आणले, आणि १० मार्च १८९७ ला त्या स्वतः प्लेगने गेल्या. त्यांच्याकडे परिचर्येचे प्रमाणपत्र नव्हते. रुग्णाची वाट न पाहता त्याच्यापर्यंत जायचे, हे सूत्र मात्र त्यांनी जगून दाखवले.

इंग्लंडमध्ये विल्यम रॅथबोन यांनी १८५९ मध्ये लिव्हरपूलला घरोघर जाणारी परिचारिका नेमली होती. न्यूयॉर्कमध्ये १८९३ मध्ये लिलियन वॉल्ड यांनी गरिबांच्या वस्तीतच बिऱ्हाड थाटून काम सुरू केले. मुंबईला हा धडा साथीने शिकवला. पालिकेचे आरोग्य अधिकारी जे. ए. टर्नर यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये बॉम्बे सॅनिटरी असोसिएशन निघाली, आणि त्या काळात पालिकेच्या परिचारिका चाळींतून बाळंतिणींच्या खोल्यांपर्यंत जाऊ लागल्या.

त्या खोल्यांत काय दिसले ते आकड्यांनी सांगितले आहे. १९२१ मध्ये मुंबईत जन्मणाऱ्या दर हजार अर्भकांपैकी सहाशेहून अधिक वर्षाच्या आत दगावत होती, असे पालिकेची नोंद सांगते. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात आणि तिथल्या जन्माची नोंद इथे होत नसे, म्हणून हा आकडा थोडा फुगलेला धरला, तरी तो अंगावर येतोच. गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी सरकारने डॉ. एफ. डी. बार्न्स या डॉक्टरबाईंकडे सोपवली. या बायकांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. आई पाळीवर जाणार, बाळ दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला ‘बाळागोळी’ चाटवायची. हे कळायला चुलीपाशी बसावे लागते, आईशी तिच्या भाषेत बोलावे लागते, आणि तिला चोरासारखे वाटू न देता विचारावे लागते. अशा पाहण्यांनी उभे केलेले वास्तव पुढे कायदेमंडळात पोचले. मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा १९२९ चा. त्या विधेयकाच्या बाजूने १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते.

मराठी मध्यमवर्गातल्या मुली या कामाकडे वळल्या त्या सेवासदन या संस्थेमुळे. मुंबईचे सेवासदन १९०८ चे, पुण्याचे १९०९ चे. रमाबाई रानडे यांनी पुण्यातून तरुण विधवांना आणि परित्यक्तांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवायला सुरुवात केली. परक्या पुरुषाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढायचे, यावरून घराघरांत काहूर उठले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. या मुलींनी नोकरी मिळवली, स्वतःच्या पगारावर घर चालवले. परिचर्येतल्या नेतृत्वाचा इतिहास लिहिताना समित्या आणि कायदे आधी आठवतात. त्याच्याही आधी या मुलींनी ओलांडलेला त्यांच्या स्वतःच्या घराचा उंबरठा येतो.

कायद्याने या पेशाला नाव दिले ते १९३५ मध्ये. मुंबई प्रांताच्या नोंदणी कायद्यात परिचारिका आणि सुईणींबरोबर घरभेटी देणाऱ्या ‘हेल्थ व्हिजिटर’चाही समावेश झाला. गल्लीत फिरणाऱ्या बाईचे काम हे शिक्षण लागणारे काम आहे, असे सरकारने लिहून दिले. देशभरची स्थिती किती तोकडी होती ते १९४६ च्या भोर समितीने मोजले: साऱ्या देशात नोंदणीकृत परिचारिका सुमारे ७,०००, प्रशिक्षित सुईणी ५,०००, आणि हेल्थ व्हिजिटर अवघ्या ७५०. म्हणजे चार लाख माणसांमागे एक.

त्या वेळी अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही मुंबई नव्हतीच. भातखाचरे, मिठागरे, ताडाची बने, कोळीवाडे आणि आगरी-ईस्ट इंडियन गावठाणे यांच्यामधून लोकल धावायची. प्लेगच्या वर्षांत ऐपतवाली कुटुंबे मोकळ्या हवेसाठी इथे, साष्टी बेटावर आली, फाळणीनंतर निर्वासित आले, मग कारखाने आले आणि कारखान्यांमागून कोकण, घाट, गुजरात, तमिळनाडू, उत्तर प्रदेश इथून माणसे आली. १९५० मध्ये अंधेरी आणि घाटकोपरचा पट्टा पालिकेच्या हद्दीत आला. १ फेब्रुवारी १९५७ ला हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली. नकाशा एका दिवसात बदलला. नळ, गटारे आणि दवाखाने मात्र रांगत आले.

जनगणनेचे दोन आकडे शेजारी ठेवले की या शहराची उलथापालथ दिसते. १९७१ मध्ये बेटावरच्या मुंबईत सुमारे ३१ लाख आणि उपनगरांत २९ लाख माणसे होती. १९८१ मध्ये बेटावर ३३ लाख, उपनगरांत जवळजवळ ५० लाख. दहा वर्षांत उपनगरांनी वीस लाख माणसे पोटात घेतली, त्यातली बहुतेक झोपड्यांत. राजावाडी, भगवती, कूपर अशी पालिकेची रुग्णालये उपनगरांत उभी राहिली, आणि त्यांच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर पहाटेपासून रांगा लागू लागल्या. पण असल्फाच्या टेकडीवरची गरोदर बाई खाली राजावाडीपर्यंत केव्हा येते? कळा सुरू झाल्यावर. बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यावरची वारली बाई येतच नसे. रुग्णालय बांधून सुटणारा हा प्रश्न नव्हता.

१९८३ मध्ये कृष्णन समितीने शहरी झोपडपट्टीसाठी एक आराखडा दिला. सुमारे ५०,००० वस्तीमागे एक ‘हेल्थ पोस्ट’. तिथे एक डॉक्टर, एक सार्वजनिक आरोग्य परिचारिका, तीन-चार एएनएम (सहायक परिचारिका-सुईणी), तितकेच पुरुष कर्मचारी, आणि दर २,००० लोकांमागे वस्तीतलीच एक स्वयंसेविका. १९८८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई आणि मद्रास या दोन शहरांसाठी लोकसंख्या प्रकल्प सुरू झाला. आयपीपी-५ हे त्याचे दप्तरी नाव. १९९६ पर्यंत चाललेल्या या प्रकल्पाने मुंबईत हेल्थ पोस्टचे जाळे विणले. कुठे पालिकेच्या मंडईवरच्या मजल्यावर, कुठे प्रसूतिगृहाच्या आवारात, कुठे दोन खोल्यांत. उपनगरांतल्या कामकरी बायकांना पालिका आपल्या गल्लीत पहिल्यांदा दिसली ती इथे.

आणि नेतृत्व हा शब्द कागदावर नसतानाही परिचारिकेने ते इथेच केले. हेल्थ पोस्टवरची सार्वजनिक आरोग्य परिचारिका दिवसाला काय करते? एएनएमच्या नोंदवह्या तपासते. कोणत्या गल्लीतली किती बाळे गोवराच्या डोसाला आली नाहीत याची यादी काढते. लशीचा फ्रिज दोन ते आठ अंशांत आहे ना, हे सकाळ-संध्याकाळ पाहते आणि लिहून ठेवते. क्षयाचा रुग्ण गोळ्या अर्ध्यावर सोडून गावी गेला असेल तर त्याच्या शेजाऱ्याकडून फोन नंबर मिळवते. नव्या स्वयंसेविकेला घराचे दार कसे वाजवायचे, घरात सासू असेल तर आधी कोणाशी बोलायचे, हे शिकवते. महिनाअखेरीला सगळ्याचा अहवाल करून विभाग कार्यालयात पाठवते. माणसे घडवणे, आकडे वाचणे, साधनसामग्री जपणे आणि वरच्यांना खरे काय ते सांगणे: कोणत्याही संस्थेत अधिकारी म्हणून बसलेल्या माणसाचे काम याहून वेगळे नसते.

पल्स पोलिओने हे सगळ्यांसमोर आणले. देशातली पहिली फेरी डिसेंबर १९९५ ची. रविवारी बूथ, पुढचे दिवस घरोघर. बाळाच्या डाव्या करंगळीला शाई आणि दारावर खडूची खूण: सगळी मुले झाली असतील तर ‘पी’, कोणी राहिले असेल तर ‘एक्स’. ‘एक्स’चे ‘पी’ करायचे, हीच खरी लढाई. घर बंद का आहे? आई बिगारी कामावर गेली आहे की मुद्दाम दार उघडत नाही? मागच्या खेपेला ताप आला म्हणून बाप चिडलाय का? प्रत्येक ‘एक्स’मागे वेगळी गोष्ट होती. ती सोडवायला कधी मशिदीतले मौलाना, कधी चाळ कमिटीचा अध्यक्ष, कधी गणपती मंडळाची पोरे बरोबर घ्यावी लागत. कोणत्या गल्लीत कोणाला न्यायचे, हे परिचारिकेला ठाऊक असे. कागदावर पालिकेचा नकाशा असे, पण त्यात टेकडीवर नव्याने चढलेली घरे नसत, बांधकामाच्या जागेवरचे पत्र्याचे तात्पुरते निवारे नसत. तेव्हा सिस्टर आणि स्वयंसेविका हाताने नकाशा काढत: पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, शौचालय, मंदिर, त्यापुढची घरे. स्थानकांबाहेर बूथ लागत, कारण बोरिवलीला किंवा कुर्ल्याला लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरणारे बाळ कोणत्याच यादीत नसे.

मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने २००१ पासून पोलिओसाठी तपासले जाऊ लागले. शहरात एकही मूल लुळे पडलेले नसताना गटारात विषाणू सापडे, आणि मग पुन्हा गल्ल्या पिंजून काढायच्या. नोव्हेंबर २०१० नंतर तो त्या पाण्यातही दिसला नाही. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, पश्चिम बंगालचा. या यशाची छायाचित्रे आणि फलक आले तेव्हा त्यावर नेते आणि अभिनेते होते. खडू ज्यांच्या हातात होता त्या बायकांची नावे कोणी छापली नाहीत, याची खंत वाटते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस आला, आणि चिखल भरलेल्या घरांतून तापाच्या रुग्णांचा शोध घेण्याचे काम याच यंत्रणेवर पडले. २०२० च्या जूनमध्ये कोरोनाचा जोर उत्तरेकडच्या उपनगरांत वाढला तेव्हा पालिकेने मुलुंड, भांडुप, अंधेरी, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर या भागांसाठी ‘मिशन झीरो’ जाहीर केले. फिरते दवाखाने पाठवले. सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन बायका जिने चढल्या. आधी वीस वर्षे त्याच घरांत पोलिओचे थेंब दिले होते म्हणून दारे उघडली. मधल्या काळात नेहमीचे लसीकरण मागे पडले. त्याची किंमत २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गोवंडी आणि मालवणीत गोवराच्या उद्रेकात मोजावी लागली, मुले दगावली. पुन्हा याद्या, पुन्हा दारे, नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस.

आता पदांकडे पाहू. महाराष्ट्रात रुग्णालयातली शिडी सर्वांना पाठ आहे: अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. वस्तीत काम करणारीची शिडी वेगळी आणि आखूड. एएनएमने पुढे आरोग्य सहायिका व्हावे, ही सोय १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनंतर घट्ट झाली. त्यावर सार्वजनिक आरोग्य परिचारिका, आणि ग्रामीण भागात जिल्हा स्तरावर या कामाचे पद. मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० ला वेगळा झाला, पण त्याला जिल्हा परिषद नाही. २०११ च्या जनगणनेत ९३ लाखांवर वस्ती असलेल्या या जिल्ह्यात ग्रामीण परिचारिकेला असलेली वरची पायरीच नाही. इथे आहे तो पालिकेचा विभाग, आणि विभागाच्या आरोग्य खात्याचा प्रमुख डॉक्टर असतो.

शिक्षणाच्या बाजूने वाट रुंद झाली आहे. एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झाले, आणि परिचर्येची पदवी मुंबईतल्या मुलींच्या आवाक्यात आली. नोकरी करता करता पोस्ट बेसिक पदवी, मग सामुदायिक आरोग्य परिचर्येत एम.एस्सी. असा मार्ग आज आहे. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या दोन नामांकित संस्था उपनगरातच उभ्या आहेत. आरोग्य धोरण आणि लोकसंख्येचे शास्त्र तिथे शिकवले जाते. ज्या सिस्टरने पंधरा वर्षे नोंदवह्या भरल्या, तिने त्याच नोंदींचे विश्लेषण शिकले तर तिच्याइतका जाणता माणूस धोरण आखणाऱ्यांत दुसरा सापडणार नाही. पण त्यासाठी पगारी रजा हवी, आणि शिकून आल्यावर तिच्या पदात फरक पडायला हवा. पदवी घेऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसायचे असेल, तर घर, मुले आणि विरारची लोकल सांभाळून कोणी का शिकावे?

ही मागणी नवी नाही. केंद्र सरकारने १९८७ मध्ये परिचर्येसाठी उच्चाधिकार समिती नेमली. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीच्या १९८९ च्या अहवालाने परिचर्येचा कारभार वरच्या पातळीपर्यंत परिचारिकांच्या हाती असावा, अशी दिशा दाखवली होती. त्याआधीच तेहमिना अद्रानवाला या पारशी परिचारिकेने स्वतंत्र भारताच्या सरकारची परिचर्या सल्लागार म्हणून काम करून, परिचारिका देशाच्या पातळीवर धोरणात वाटा उचलू शकते, हे सिद्ध केले होते. २०२३ मध्ये संसदेने १९४७ चा परिचर्या परिषदेचा कायदा बदलून राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा केला. दिल्लीत रचना बदलते आहे. ती अंधेरीच्या के पूर्व, घाटकोपरच्या एन, मुलुंडच्या टी आणि बोरिवलीच्या आर मध्य विभागापर्यंत पोचायची तर पालिकेने ठरवावे लागेल.

काय करता येईल ते अवघड नाही. विभागाचा वार्षिक आरोग्य आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत त्या विभागातल्या ज्येष्ठ सार्वजनिक आरोग्य परिचारिकेला सदस्य म्हणून बोलवावे आणि तिचे मत इतिवृत्तात नोंदवावे. हेल्थ पोस्टच्या किरकोळ खर्चाचा अधिकार तिला द्यावा, म्हणजे आइसपॅक फुटला तर तीन सह्यांसाठी थांबावे लागणार नाही. सामुदायिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या परिचारिकांसाठी विभाग पातळीवर आणि मुख्यालयात पदे काढावीत, त्यांची बढती रुग्णालयाच्या शिडीला बांधून ठेवू नये. आणि वस्तीतल्या स्वयंसेविकांपैकी ज्यांना शिकायचे आहे त्यांना एएनएमच्या अभ्यासक्रमात राखीव जागा द्याव्यात. गल्ली ओळखणाऱ्या या बायकांतूनच उद्याच्या सिस्टर निघतील. पालिकेचा आरोग्य अर्थसंकल्प दरवर्षी मांडला जातो. उपनगरांतल्या नगरसेवकांनी आणि नागरिकांनी येत्या अर्थसंकल्पात या पदांसाठीची तरतूद कुठे आहे, ते विचारावे.